सुभेदारांचे बारा अक्रोड

“बारा अक्रोड, सहा बदाम, दोन पिस्ते,” असं म्हणत सुभेदार दौलतराव शिंत्र्यांनी मोटारसायकल स्टँडला लावली आणि खिशातली चिठ्ठी माझ्यापुढं धरली. “पाऊस लागायच्या आत पाहिजेत. मिळतील?”

मी काजूच्या कलमांना झारीनं पाणी घालत होते. हात पुसले, चिठ्ठी वाचली आणि घडी घालून परत दिली.

“नाही काका.”

“नाही म्हणजे? मग कधी मिळतील?”

“मिळायचं म्हटलं तर मिळतील. पण मी देणार नाही. ही झाडं आपल्याकडं येत नाहीत.”

सुभेदारांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू परेडीत कुणीतरी मधूनच खाली बसलं. पन्नाशी ओलांडलेला, ताठ कण्याचा माणूस. आजऱ्याच्या आसपासच्या दहा गावांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. विहीर कुठं पाडायची, पोरगं कुठल्या शाळेत घालायचं, सगळं लोक त्यांना विचारून करत. त्यांना ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती, आणि सव्वीस वर्षांच्या पोरीकडून तर नव्हतीच.

ही सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी कोल्हापूरच्या शेती कॉलेजातून शिकून आले होते आणि रस्त्याकडेच्या अर्ध्या एकरात रोपवाटिका काढली होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती जागा मला तीन वर्षांसाठी दिली होती. “तीन पावसाळे बघू,” ते म्हणाले होते, “जमलं तर जमलं. न्हाई तर मुकाट्यानं लग्नाला उभं राहायचं.” हा तिसरा पावसाळा येऊ घातला होता. लोक थांबत, रोपं बघत, आणि “ह्या पोरीला काय कळतंय” असं एकमेकांना सांगत पुढं जात.

“का येत नाहीत?” सुभेदारांनी विचारलं. “आंबोलीला जानेवारीत जाऊन बघ. दात वाजतात.”

“तुमचे वाजतात काका. अक्रोडाचे नाही वाजत.”

“लडाखात उणे तीसमध्ये उभा राहिलेला माणूस आहे मी. मला थंडी शिकवतेस?”

“थंडी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी झाडाचं सांगते. अक्रोड हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. ती झोप पुरी झाली तरच त्याला जाग येते, फूल येतं, फळ धरतं. आणि झोप लागायला पारा सातच्या खाली राहावा लागतो. एखाददुसरी पहाट नव्हे, महिना दोन महिने.” मी छपरीतून वही आणली. रोपवाटिका काढल्यापासून मी रोज पहाटेचा पारा लिहून ठेवत होते. “गेल्या हिवाळ्यात पारा दहाच्या खाली अकरा दिवस गेला. सातच्या खाली एकदाही नाही.”

“मग काय होतं?”

“अर्धवट झोपेतल्या माणसाचं होतं तेच. धड झोप नाही, धड जाग नाही. चार वर्षं काठीसारखा उभा राहतो आणि मग मरतो. बदामाचंही तसंच. पिस्त्याला तर आपला पाऊसच मारतो. त्याला उन्हाळा कोरडा लागतो आणि पाय कायम सुके लागतात.”

“शाळेपुढं बदामाचं झाड आहे की!”

“तो देशी बदाम. खाऱ्या वाऱ्यावरचा, दमट हवेतला. तुमच्या चिठ्ठीतला बदाम तो नव्हे.”

सुभेदारांनी वही उलटसुलट करून बघितली. आकड्यांवर त्यांचा विश्वास होता, ते दिसत होतं. पण चिठ्ठी त्यांनी जपून परत खिशात ठेवली. “तू दिली नाहीस तर दुसरा देईल,” म्हणाले आणि गेले.

आबा मागं गोठ्यातून ऐकत होते. “होय म्हणायला काय झालं होतं? त्याची हौस, त्याचं रान.”

“झाड मेल्यावर लोक त्याचं नाव नाही घेणार आबा. माझं घेतील.”

आबा परत गोठ्यात गेले. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी एका स्थळाचा विषय काढला.

दहा-बारा दिवसांनी दूधवाल्याबरोबर निरोप आला. सुभेदारांना अक्रोडाची रोपं मिळाली होती. डोंगरउतारावर काजूही लावायचे होते, साठ कलमं, आणि ती ते माझ्याकडूनच घेणार होते. मात्र अक्रोड कुठं लावायचे आणि काजू कुठं, ते मी येऊन सांगायचं.

साठ कलमं! दोन वर्षांत मिळून माझी तेवढी गेली नव्हती. आणि शिंत्र्यांच्या रानात माझी कलमं लागली की दहा गावांत वेगळं सांगायची गरज नव्हती. मी लुना काढली आणि त्यांच्या गावाला, माडवळ्याला गेले.

सुभेदारांचं घर गावाच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. पुढं ऐसपैस अंगण, मागं वर चढत गेलेलं दोन एकर तांबड्या मातीचं रान. अंगणाच्या कडेनं त्यांनी दोरी लावून बारा खड्डे खणून ठेवले होते. इतके सरळ रेषेत, की एका टोकाला उभं राहिलं तर पहिलाच दिसावा. आणि आंब्याच्या सावलीत बारा काळ्या पिशव्या ओळीनं मांडल्या होत्या.

“बघ,” सुभेदार म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “काश्मिरी अक्रोड. फिरता रोपवाला आला होता बाहेरगावचा. तू म्हणालीस येत नाही, पण तो म्हणाला ही जात उन्हातही येते.”

मी वाकून एक पान हातात धरलं. हा अक्रोड नव्हता.

अक्रोडाच्या एका देठावर समोरासमोर पाच-सात लांबट पानं असतात, कडुलिंबासारखी, फक्त मोठी. इथं एकेका देठाला एकच रुंद पान होतं, पंजासारखं कोपरे काढलेलं, आणि वर पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी झाक. हे झाड आमच्या कॉलेजच्या आवारात होतं. त्याला जंगली अक्रोड म्हणत. फळ फोडलं की आत अक्रोडासारखंच कठीण कवच, आणि आत गर. आमच्या वर्गातल्या तिघांनी पैजेवर तो गर कच्चा खाल्ला होता. तिघंही दोन दिवस दवाखान्यात सलाइन लावून पडले होते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुभेदार बोलायला लागले.

“माझ्या घरची हिमालयातल्या पिथौरागडकडची, हे तुला माहीत असेल. सारा गाव तिला पहाडीकाकू म्हणतो. आमची पलटण तिकडं होती तेव्हा तिच्या वडलांचं छावणीबाहेर दुकान होतं. दारात अक्रोडाचं हे एवढं झाड. त्या झाडाखाली बसूनच मी तिला मागणी घातली. तिच्या वडलांनी एकच विचारलं, एवढ्या लांब पोरगी द्यायची तर तिथं तिचं असं काय असेल? मी म्हटलं, तुमच्या दारात आहे तोच अक्रोड माझ्या दारात लावीन.” ते थांबले. “चोवीस वर्षं झाली. नोकरीत जमलं नाही. पोरं झाली, आई अंथरुणाला खिळली. आता वेळ आहे.”

“काकू गेल्या नाहीत का परत कधी?”

“जमलंच नाही,” सुभेदार म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले.

तेवढ्यात आतून हाक आली. “पोरीला उन्हात का उभी केलाय? चहा टाकलाय. आत ये गं.”

गोमतीकाकूंना मी बाजारात दोन-तीनदा बघितलं होतं. गोऱ्या, बुटक्या, गालांची हाडं वर आलेली. बोलणं मात्र आमच्याच मातीतलं झालं होतं. आमच्याकडच्या बायकांसारखंच त्या ‘मी येतो’, ‘मी करतो’ म्हणत. फक्त कुठं कुठं एखादा शब्द जरा वेगळ्या हेलकाव्यानं यायचा. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. पलीकडं सुट्टीला आलेली त्यांची तीन वर्षांची नात पाटावर बसून कैरीची फोड चोखत होती.

काकूंनी दाराबाहेर एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“पान बघितलंस न्हवं?”

मी नुसती मान हलवली.

“आमच्यात अखोडाचं पान कुस्करलं की हे असा वास सुटतोय. बोटं काळी पडतात, चार दिवस जात न्हाईत. ही रोपं आणली त्याच दिवशी मी एक पान कुस्करून बघितलो.” त्यांनी स्वतःची बोटं माझ्यापुढं धरली, स्वच्छ. “कसला वास न्हाई.”

“मग काकांना सांगितलं नाही?”

“कशाला? चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गावचं म्हणून काय तरी घरात आणलंय माणसानं. आठ दिस झालं, सकाळी उठलं की आधी त्या पिशव्यांपाशी जातोय. काय बिघडतंय? एक झाड समजायचं. तू बी बोलू नको.”

“नुसतं चुकीचं झाड असतं तर मी गप्प बसले असते काकू,” मी म्हटलं. “ह्याचं फळ हुबेहूब अक्रोडासारखं असतं, पण गर कच्चा खाल्ला की माणूस आडवा होतो. मोठी माणसं मी स्वतः बघितलीत. लहान मूल असलं तर...”

 काकूंची नजर नातीकडं गेली होती.

“किती वर्षांनी धरतंय?”

“तीन-चार.”

“मग तेव्हा सांगू.”

“तेव्हा झाड दारात असेल, आणि सगळं गाव त्याला अक्रोड म्हणत असेल. कुणाकुणाच्या पोरांना सांगत फिरायचं?”

चहा उतू गेला. काकूंनी भांडं उतरवलं, निखारे मागं ओढले. नातीच्या हनुवटीवरचा कैरीचा रस पदरानं पुसला.

“मी सांगू का तू सांगतीस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“मी सांगते. रोपांचं काम माझं आहे.”

मी अंगणात गेले. साठ कलमं, आबांचे तीन पावसाळे, ते स्थळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण बोलायला लागल्यावर मी थांबले नाही. पान दाखवलं, देठ दाखवला, कॉलेजातली हकिगत सांगितली. सुभेदारांनी सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

“काजूच्या टरफलानं हात भाजत नाहीत?” त्यांनी विचारलं.

“भाजतात. पण आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा काजू भाजल्याशिवाय फोडत नाही. अक्रोड म्हटलं की मात्र कुणीही उचलून दाताखाली घालेल.”

“आणि तुझं काय? मी अक्रोड लावले नाहीत तर ह्या बारा खड्ड्यांतही तुझेच काजू जातील, असंच ना?”

हे मला लागलं. “काजू माझ्याकडून घेऊच नका,” मी म्हटलं. “एकही नका घेऊ. वेंगुर्ल्याहून आणा, कुठूनही आणा. पण ही बारा रोपं दारात लावू नका. नात आहे तुमची घरात.”

सुभेदारांचा आवाज चढला. “गोमती! इकडं ये. तू जन्म काढलास त्या झाडाखाली. तू सांग हिला. हा अक्रोड आहे का नाही?”

काकू उंबऱ्यात आल्या. पदराला हात पुसत होत्या.

“न्हवं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अखोड न्हवं हे.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“आणलं त्याच दिवसापासनं.”

सुभेदार मटकन खड्ड्याच्या कडेला मातीच्या ढिगावर बसले. हातातली दोरी नुसती उलगडत होते आणि गुंडाळत होते.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही किती खुशीत होतासा.”

“ठीक आहे,” ते म्हणाले. लगेच पाठ ताठ झाली. “खरी आणू. तुझ्या भावाला पत्र टाकतो. तिथून रोपं रेल्वेनं मागवतो. पाहिजे तर वर बर्फाची लादी बांधतो हिवाळ्यात.”

“नको.”

“नको काय? शब्द दिलाय मी.”

“शब्द माझ्या बाला दिलाय तुम्ही. त्यो जाऊन अकरा वर्षं झाली.” काकू पायरी उतरून खाली आल्या. “मला अखोड नको हाय. मला एकदा घरला न्या.”

सुभेदारांनी मान वर केली नाही.

“आई हाय माझी. पंच्याहत्तर वर्षांची. भाऊ दर पत्रात लिवतोय, कधी येतीस. मी वाचून दाखवतो तुम्हाला. तुम्ही म्हणता, बघू. पोरं लहान होती, मी म्हटलं, बरं. तुमच्या आईचं करायचं होतं, मी म्हटलं, बरं. आता रिटायर होऊन सात वर्षं झाली. आता काय हाय?”

मी चपला शोधायला लागले. हे ऐकायला मी तिथं असायचं काही कारण नव्हतं.

“तू थांब,” काकू माझ्याकडं न बघताच म्हणाल्या. “चहा झाला न्हाई तुझा.”

म्हणून मी थांबले, आणि म्हणूनच पुढचं मला ऐकायला मिळालं.

“मला वाटलं,” सुभेदार म्हणाले. इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं. “मला वाटलं, झाड इथंच आलं म्हणजे...”

“म्हणजे जायला नको?”

ते दोरीची गाठ सोडवायला लागले.

“अहो, खरं सांगा.”

“गेलीस आणि राहिलीस तर?” सुभेदार म्हणाले. “तिथली हवा, तिथली माणसं. मी तुला आणलं ह्या तांबड्या चिखलात आणि निघून गेलो पलटणीत. वर्षातनं एक महिना यायचो. इथली भाषा येत नाही, कोण बोलायला नाही. एकदा रजेवर आलो तर तू गोठ्यात म्हशीबरोबर तुमच्या बोलीत बोलत होतीस. मी बाहेरून ऐकलं. त्या दिवसापासून मला भ्या वाटतं, ही एकदा गेली की परत यायची नाही.”

वर डोंगरावर कुणीतरी गुरांना हाळी देत होतं. काकू कितीतरी वेळ नवऱ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, त्या रडतील. त्या हसल्या.

“आणि हे चोवीस वर्षं पोटात ठेवून बसलासा? सुभेदार कशाला म्हणतात तुम्हाला?”

“मग? राहणार नाहीस?”

“ते तिथं गेल्यावर बघीन मी. आत्ताच लिहून देऊ काय?”

सुभेदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खड्ड्यांकडं. मग उठले. त्यांनी एकेक करून बाराही पिशव्या उचलल्या आणि मागच्या उकिरड्यात नेऊन रिकाम्या केल्या. परत आले तेव्हा हात मातीनं भरले होते. मला म्हणाले, “मघाशी तुला बोललो ते चुकलं माझं. चल, रान दाखवतो. इथं काय येतं ते सांग.”

काकूंनी नातीला कडेवर घेतलं आणि आम्ही तिघं डोंगर चढलो. मधल्या उतारावर माती खोल होती, पाणी थांबत नव्हतं, समुद्राकडचा वारा अडवायला कड्याची आड होती. तिथं काजू. वर माथ्याजवळ जांभा खडक उघडा पडला होता, माती वीतभर. तिथं दुसरं काही टिकलं नसतं, म्हणून तिथं चारोळी सांगितली. ती आपल्याच डोंगराची, खडकात मूळ घालणारी, सावकाश वाढणारी, पण पन्नास वर्षं हलत नाही. नातीला झाडाखालचं काहीतरी वेचायला हवंच होतं, म्हणून न्हाणीच्या पाण्यावर दोन देशी बदाम. आणि ते बारा खड्डे? अंगणाच्या कडेला पावसाचं पाणी मुरत राहायचं, आंब्याची सावली होती. तिथं सुपारीइतकं शोभणारं दुसरं झाड नव्हतं.

“म्हणजे माझ्या खड्ड्यांची ओळ मोडत नाही,” सुभेदार म्हणाले. तेवढ्यावरही ते खूश झाले.

“तुम्हाला काय हवं काकू?” मी विचारलं. तोपर्यंत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

काकूंनी उतार खालीवर बघितला. “काजू,” त्या म्हणाल्या. “नवी आलो तेव्हा ओल्या काजूची उसळ खाल्लो आणि म्हटलं, चला, राहायला हरकत न्हाई.”

जूनमध्ये साठ कलमं लागली. आबांनी स्थळाचा विषय परत काढला नाही. दसऱ्यानंतर दोघं पिथौरागडला गेली. एस.टी. स्टँडवर पोचवायला अर्धा गाव होता. मीही होते.

दिवाळीनंतर सुभेदार एकटेच परत आले.

मी रोपवाटिकेत होते. त्यांची मोटारसायकल थांबलेली बघितली, मागची सीट रिकामी बघितली, आणि माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

“काकू?”

“राहिली. आई फार थकलीय. थंडीत तिला सोडून यायला मन होईना हिचं. मीच म्हटलं, राहा.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “होळीपर्यंत येते म्हणाली. आता मला सांग, काजूच्या बुंध्याला पालापाचोळा किती घालायचा आणि पाणी किती दिवसांनी?”

गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. पहाडीण पहाडात गेली. रोपवाटिकेच्या पोरीनं, म्हणजे मी, नसता शहाणपणा केला नसता तर अक्रोड लावून म्हातारा-म्हातारी सुखात राहिली असती, असंही कुणीतरी बोललं. ते माझ्या कानावर आलं. मला ते टोचत राहिलं. त्या दिवशी मी काकूंचं ऐकून गप्प बसले असते तर?

पहिला उन्हाळा कलमांना फार कठीण असतो. सुभेदारांनी गडी लावला नाही. खालच्या विहिरीतून दोन बादल्या काढायच्या, चढ चढायचा, दोन झाडांना घालायच्या, परत उतरायचं. साठ झाडं. मी आठवड्यातून एकदा बघायला जायची. ते पाण्याचं विचारत, वाळवीचं विचारत, काकूंचं नाव घेत नसत. फेब्रुवारीत एक पत्र आलं, मग काही आलं नाही. होळी आली, शिमग्याची पालखी नाचून गेली. पाडवा झाला. सुभेदार काळे पडले, गळ्याची हाडं वर आली. “पत्र टाका काका,” मी एकदा धीर करून म्हटलं. “नाही,” ते म्हणाले, “बोलवायचं नाही. तिच्या तिनं यायचं.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी माझ्या रोपवाटिकेपुढं एस.टी. थांबली. टपावरून कंडक्टरनं लोखंडी ट्रंक उतरवून दिली. ट्रंकेमागून काकू उतरल्या. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ह्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल.

मी धावत रस्त्यावर गेले. ट्रंकेची एक कडी हातात घेतली.

“किती जगल्यात?” काकूंनी विचारलं.

“साठातली अठ्ठावन्न.”

“दोन कशानं गेली?”

“एक वाळवीनं. एक म्हशीनं खाल्लं.”

“आमच्या म्हशीनं?”

“तुमच्याच.”

त्या खदखदून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आई मार्च महिन्यात गेली होती. सगळं उरकून, भाच्याला पुण्यापर्यंत सोबत घेऊन त्या आल्या होत्या. पुढं एकट्याच. “पत्र टाकलं असतं तर स्टँडवर येऊन उभा राहिला असता दोन दिवस आधी,” म्हणाल्या. “चल, तुझी गाडी काढ.”

लुनावर पुढं ट्रंक, मागं काकू, अशी आमची वरात माडवळ्याला निघाली. घराला कुलूप होतं. मी लुना तशीच मागच्या वाटेनं डोंगरावर चढवली. कुंपणाशी पोचून इंजिन बंद केलं, तर वर लांब उतारावर सुभेदार दिसले. दोन्ही हातांत बादल्या, पाठ आमच्याकडं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. काकूंनी माझा दंड धरला.

“थांब. मला जरा बघू दे.”

सुभेदारांनी एका झाडाला पाणी घातलं. वाकून बुंध्याचा पाला सारखा केला, पालवीखाली बोट घालून कीड बघितली, मग पुढच्या झाडाकडं गेले. तिथंही तसंच. त्यांना कसलीच घाई नव्हती. तीन झाडं झाली. चौथ्याशी पोचले तेव्हा काकूंनी शाल काढून ट्रंकेवर टाकली, पदर कमरेला खोचला आणि कुंपणाचा झापा बाजूला करून त्या चढायला लागल्या.

मी ट्रंक कुंपणाशी उतरवून ठेवली, लुना वळवली आणि इंजिन चालू न करताच उतारावरून खाली आले.